अकरा मिनिटांचा रहिवासी

आठ बिऱ्हाडांच्या त्या इमारतीला अक्कल बसवायचं ठरलं, तेव्हा काम आपसूक तळमजल्यावरच्या तारमास्तरांकडे आलं. हा माणूस भिंतीला कान लावून आतली वायर कुठून कुठे गेली ते सांगायचा. एकदा म्हणे त्यांनी शिंकून फ्यूज उडवला होता, आणि दुसऱ्या शिंकेत परत बसवला होता. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी दिवा गेला की लोक आधी मास्तरांना हाक मारत आणि मग अंधाराला शिव्या देत.

मास्तरांनी आखणी चोख केली. प्रत्येक घरात छताजवळ बारके डोळे. माणूस हलला की दिवा लागणार, दहा मिनिटं कुणी हललं नाही की विझणार. पाणी, कुलपं, जिन्यातले दिवे, सगळा कारभार एका सर्व्हरकडे. हा सर्व्हर म्हणजे कपाटाएवढं धूड, पण नखरे नव्या जावयाचे. हवा थंड हवी, ओल नको, धूळ नको, येणाऱ्याजाणाऱ्यांचा धक्का नको. जिन्याखाली ओल होती. गच्चीवर ऊन. मीटरच्या खोलीत उंदरांची तिसरी पिढी नांदत होती.

उरली शिवणखोली. मास्तरांच्या घराला लागून असलेली ही चिंचोळी खोली खरी इमारतीच्या मालकीची. पण मास्तरांची बायको तिथे बावीस वर्षं शिवणकाम करायची, म्हणून "वापर आहे तोवर त्या घराची" असा जुना ठराव होता. बायको जाऊन आता चौदा महिने झाले होते.

"वापर आहे की नाही, ते आपण कशाला ठरवायचं?" सेक्रेटरी म्हणाले. गृहस्थ जन्मभर परीक्षांचे सुपरवायझर, अजून प्रत्येक वाक्य संपलं की घड्याळ बघत. "यंत्रच ठरवेल. तीस दिवस चाचणी, तोवर नोंदी माझ्या टॅब्लेटवर. खोली रिकामी दिसली तर सर्व्हर तिथे. मास्तर, लिहून घ्या."

मास्तरांनी लिहून घेतलं. मोजपट्टी लावून खाली रेघही मारली. आत काही हललं नाही. हल्ली हलत नसेच. जीभ भाजली तर ते दुसऱ्या दिवशी कळायचं, आणि तेसुद्धा शेजारच्या कुणाची तरी भाजली असावी अशा बेताने.

चाचणी सुरू झाली. मास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिले. इतके निश्चल, की एका कोळ्याने त्यांच्या कानापासून खुंटीपर्यंत जाळं विणलं आणि दोन माश्या पकडून संसार मांडला. दहा मिनिटं झाली की दिवा विझे. मास्तरांना त्याचं बरं वाटत नसे, वाईटही वाटत नसे. सकाळी चहा टाकायला उठत. संध्याकाळी शिवणखोलीच्या उंबरठ्यापर्यंत जात, आतल्या मशीनकडे बघत उभे राहत. आत पाऊल नाही. पुन्हा खुर्ची. कोळी बिचारा पुन्हा पहिल्या धाग्यापासून सुरुवात करी.

एकोणतिसाव्या दिवशी मेहुणी आली. ती तिसऱ्या मजल्यावर राहायची. रोज दारातूनच डबा देऊन जाणारी बाई आज थेट आत शिरली.

"भावोजी, अभिनंदन! घर सोडलंत म्हणे."

"कधी?"

"हा बघा अहवाल, सेक्रेटरींनी सगळ्यांच्या फोनवर टाकलाय. माझ्या मांजरीची हजेरी दिवसाला बावीस तास. तुमची अकरा मिनिटं. मांजर रहिवासी आणि माणूस परागंदा! आणि शिवणखोलीपुढे भोपळा."

मास्तरांनी फोन लांब धरून पाहिला. "बरोबर असेल."

"बरोबर असेल? उद्या सकाळी दहाला महिना भरतोय. ते धूड ताईच्या खोलीत येणार. ताईचं मशीन कुठे जाणार? माझ्या डोक्यावर?"

"ठेवतील कुठेतरी."

मेहुणीने डबा खाली ठेवला आणि ती घरभर हिंडायला लागली. ओट्यापाशी गेली, दिवा लागला. मोरीपाशी, लागला. खिडकीपाशी, लागला. मग मास्तरांच्या खुर्चीपुढे येऊन तिने दोन्ही हात हलवले, चक्क दोन उड्या मारल्या. तिथे मात्र अंधारच.

"भावोजी, हे डोळे कुठे तोंड करून लावलेत?"

"माणूस घरात हिंडतो तिकडे."

"कोण माणूस? ओटा, मोरी, खिडकी. आणि तिकडे खोलीत थेट मशीनच्या स्टुलावर." तिचा आवाज खाली आला. "हा ताईचा रस्ता आहे."

मास्तरांनी छताकडे पाहिलं. खरंच होतं. बाकीच्या सात घरांत त्यांनी लोकांना विचारून, पावलं मोजून डोळे बसवले होते. आपल्या घरात विचारायचं कुणाला? हात आपोआप चालले होते. त्यांची खुर्ची कुठल्याच डोळ्याच्या टप्प्यात नव्हती. उंबरठाही नव्हता. त्यांची बायको काही उंबरठ्यावर थांबणारी बाई नव्हती.

"दोन स्क्रू असतील. फिरवा इकडे."

"चाचणी चालू आहे. मधेच डोळा फिरवला तर आठही घरांचे आकडे खोटे पडतील."

"मग मी जाऊन बसते आत."

"तुझं बसणं धरणार नाहीत. ठराव ह्या घराच्या वापराचा आहे."

"मग तुम्ही हला ना, अहो! दगड बरा, निदान उतारावर घरंगळतो तरी." दारापर्यंत जाऊन ती वळली. "आणि भाजीत मुद्दाम दुप्पट मीठ घातलंय. कळलं तर सांगा."

मास्तरांनी भाजी संपवली. काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला दोन हमालांनी सर्व्हर दाराबाहेर आणून उभा केला. सेक्रेटरी बाहेरच थांबले. "आत पाऊल ठेवलं तर चाचणी बिघडायची," म्हणाले, आणि हातात उघडं धरलेल्या टॅब्लेटकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीने बघू लागले. जिन्यात मेहुणी, काखेत मांजर.

मास्तर खुर्चीत होते. दहाला आठ कमी असताना ते उठले. कानामागे जाळं तटकन तुटलं. उंबरठ्यापर्यंत पाय सवयीने गेले आणि सवयीनेच थांबले. आत मशीनवर धूळ होती, सुईत निळा दोरा तसाच. मास्तरांनी मनात शोधून पाहिलं, काही सापडतंय का. नाही सापडलं. तरी त्यांनी पाय उचलून पलीकडे ठेवला.

स्टूल तिच्या मापाचं, बुटकं. बसताना गुडघा मशीनच्या लाकडावर सणकून आपटला. दिवा लागला.

बाहेर टॅब्लेट वाजला. "शिवणखोली, व्यक्ती एक," सेक्रेटरींनी वाचलं. मग मान लांब करून ओरडले, "मास्तर! काय करताय आत?"

"बसलोय."

"अहो, अहवालात वापर कोणता लिहू?"

"बसणे."

"बसणे हा काय वापर झाला?"

"लिहा मुकाट्याने," मेहुणी कडाडली. "तुम्ही जन्मभर दुसरं काय केलंत?"

हमाल हसले. सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं, दहाला तीन कमी होते. त्यांनी लिहिलं. सर्व्हर शेवटी त्यांच्याच घरातल्या चपलांच्या खोलीत गेला. इमारतीत तेवढी कोरडी आणि बिनवर्दळीची जागा दुसरी नव्हती, कारण त्यांच्याकडे कुणी जातच नसे.

"भावोजी, गुडघ्याला लागलं का?" मेहुणीने बाहेरून विचारलं.

मास्तरांनी विचार केला. "लागलं," ते म्हणाले. "दुखतंय."

"आणि भाजी?"

"कुठली भाजी?"

पावलं जिन्यावरून वर गेली. मास्तर बसून राहिले. दहा मिनिटं झाली आणि दिवा विझला. अंधारात त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, कशाची ते त्यांनाही माहीत नव्हतं. मग वर्गातल्या पोराने हजेरी द्यावी तसा हात वर केला.

दिवा लागला.