कानातला कापूस

सरजाबाईंना ऐकू येत नव्हतं, पण फोन करायची भारी हौस. सकाळी अंघोळ झाली, तसबिरींपुढं मेणबत्ती लावून वंदना झाली, की त्या रेणापूरहून लातूरला लेकाला फोन लावायच्या आणि अंदाजानंच ओरडायच्या, "जय भीम रं लेकरा! चहा झाला का?" रविकांत तोंड उघडेपर्यंत त्यांची गाडी पुढं गेलेली असायची. गुडघा, शेळी, नळाला न आलेलं पाणी, शेजारच्या सुनेचं वागणं, सगळं सांगून व्हायचं आणि "बरं ठिवते" म्हणून फोन बंद. उत्तराशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. रविकांतनं कानाचं मशीन आणून दिलं होतं, ते त्यांनी जपून कपाटात ठेवलं आणि तिथंच राहू दिलं.

"आमची माय म्हंजे रेडिओ हाय," रविकांत म्हणायचा. "ऐकायचं. बोलायचं न्हाई."

रेणुका हसायची. पण सासूचा फोन आल्याशिवाय नवरा डबा उचलून डेपोत जात नाही, हे तिला लग्न झाल्यापासून माहीत होतं.

रविकांत एसटीचा ड्रायव्हर. उभी हयात खड्ड्यांवर आदळून त्याच्या कमरेचे मणके एकमेकांवर बसले होते. पाय बधिर व्हायला लागला, क्लच दाबला की नाही ते कळेना, तेव्हा कुठं गडी ऑपरेशनला तयार झाला. लेक बुद्धप्रिया नांदेडला, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होती. तिनंच चौकशी करून नांदेडचा दवाखाना ठरवला. मणक्यात स्क्रू घातले, सळया घातल्या. शुद्धीवर आल्यावर रविकांत डॉक्टरला म्हणाला, "सायेब, नटबोल्ट टाकलेत, आता पासिंगची तारीख बी सांगा." सगळा वॉर्ड हसला. रेणुकाला वाटलं, चला, निभावलं.

एवढं वाटायला आणि रेणापूरहून फोन यायला गाठ पडली. फोन सकाळच्या ठरल्या वेळीच आला, पण सासूचा नव्हता, नणंदेचा होता. महानंदा रविकांतहून मोठी. नवरा गेल्यापासून आईजवळच राहायची. सगळे तिला आक्का म्हणत.

"रेणुका," आक्का म्हणाली, "माय वंदनेला बसली ती उठलीच न्हाई गं."

रेणुका व्हरांड्यात उभी होती. पलीकडं बायकांचा आवाज ऐकू येत होता. आक्कानं विचारलं, "रवीसाठी ठिवायची का?"

लेक आल्याशिवाय मायला उचलत नाहीत. लांबून कुणी यायचं असलं तर बर्फ आणतात, वाट बघतात. रेणुकानं डॉक्टरला विचारलं, अँब्युलन्समधून, आडवं झोपवून नेलं तर? डॉक्टर म्हणाले, टाके ओले आहेत, रस्त्यात एक धक्का बसला तर पाय जातील. ती परत व्हरांड्यात आली आणि आक्काला म्हणाली, "ठिवू नका." तिच्या आयुष्यात एवढे दोन शब्द बोलायला एवढा जोर कधी लागला नव्हता. तिला स्वतःलाही जाता येणार नव्हतं. ज्या बाईनं तिची बाळंतपणं केली, तिच्या मातीलाही नाही.

पण नवऱ्यापासून लपवायचं तिच्या मनात नव्हतं. ती त्याच्या उशाशी बसली, हात हातात घेतला आणि सांगितलं. मग आक्काला व्हिडिओ कॉल करायला लावला. अंगणात पांढऱ्या कपड्यात सरजाबाई होत्या. डोक्याशी मेणबत्ती, नाकाकानात कापसाचे बोळे. आक्का पदरानं माश्या हाकलत होती. रविकांतनं फोन दोन्ही हातांनी धरला आणि बघत राहिला. दुखण्याच्या इंजेक्शनानं त्याची जीभ जड झाली होती, डोळे अर्धवट मिटत होते.

"आक्के," तो म्हणाला, "तिच्या कानातला कापूस काढ. आधीच तिला ऐकू येत न्हाई."

मग तो रडला. मणक्यात स्क्रू असलेल्या माणसाला रडताही येत नाही नीट. हुंदका आला की पाठ उचलली जायची, पाठ उचलली की कळ मस्तकात जायची, आणि तो एकाच वेळी मायसाठी आणि कळेनं ओरडायचा. शेवटी सिस्टरनं आणखी एक इंजेक्शन दिलं, तेव्हा झोपला.

दुसऱ्या दिवशी उठला तेव्हा चेहरा अगदी निवांत. तोंड कोरडं पडलं म्हणाला, पाणी प्याला. भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणाला. भिंत पांढरीफटक होती. मग म्हणाला, "मायचा फोन आला न्हाई का गं आज?"

रेणुकानं त्याचा हात परत हातात घेतला. तिनं परत सांगितलं. आणि तो परत पहिल्यासारखाच कोसळला. तसाच हुंदका, तशीच कळ, तेच इंजेक्शन. कालचं रडणं त्याच्या खाती कुठं जमाच नव्हतं.

"नसांच्या गोळ्या आणि ही इंजेक्शनं मिळून काहींना असं होतं," डॉक्टर म्हणाले. "भलतंच दिसतं, घडलेलं विसरतात. गोळ्या एकदम तोडता येत नाहीत, हळूहळू कमी करू. तोवर त्यांना रडवू नका. पाठ हलता कामा नये."

रडवू नका! जसं काही रेणुकाला हौस होती.

तिसऱ्यांदा त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "येईल की. कामात असतील." त्याला ते पटलं नाही. त्याची माय फोन विसरते म्हणजे काहीतरी झालंय, मला सोडा, मी रेणापूरला जातो, म्हणून तो कमरेचा बेल्ट न लावताच उठायला लागला. रेणुकानं आणि बुद्धप्रियानं दोन्ही खांदे दाबून धरले. लेक रडायला लागली. रेणुकानं एका हातानं त्याला दाबून ठेवत दुसऱ्या हातानं फोन लावला, मग त्याला लेकीवर सोपवून दारात जाऊन म्हणाली, "आक्का, पाया पडते तुमच्या. आत्याबाईंच्या आवाजात दोन शब्द बोला. न्हाई तर ह्यो मानूस उठून पडतोय."

आक्काचा आवाज हुबेहूब मायसारखा. लहानपणी शेजारणी फसायच्या. त्या वेळी तिच्या घरात बाया बसलेल्या होत्या, मायच्या मातीनंतरचा जलदानविधी व्हायचा होता. ती उठून गोठ्यामागं गेली असणार, कारण फोनवर शेळी ओरडलेली ऐकू आली. रेणुकानं फोन स्पीकरवर टाकून रविकांतपुढं धरला. मग आवाज आला, "जय भीम रं लेकरा! चहा झाला का?"

रविकांत उशीवर मागं टेकला. "झाला गं माय," म्हणाला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. रेणुकानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

एकदाच म्हणून केलेलं, ते रोजचं झालं. आक्का रोज गोठ्यामागं जाऊन मेलेल्या आईच्या आवाजात बोलायची आणि परत येऊन भेटायला आलेल्यांसमोर बसायची. दवाखान्यातून सोडलं, लातूरला घरी आणलं, तरी फोन सुरूच. जलदानाला बुद्धप्रिया बापाला 'परीक्षा आहे' असं सांगून एकटी जाऊन आली. फोन आला की रविकांत दोन घास खायचा, वॉकर धरून ओसरीपर्यंत चालायचा. गोळ्यांनी त्याचं पोट गच्च झालं होतं, घाम फुटायचा, बोलता बोलता शब्द हरवायचा. "ते गं, ते," म्हणून तो चमच्याकडं बोट दाखवायचा आणि चिडायचा. सकाळचा तो फोन तेवढा त्याला नीट कळायचा.

गोळ्या कमी झाल्या तसा माणूस परत यायला लागला. शब्द सापडायला लागले, मुंग्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, आता सांगा. रेणुका आज सांगू, उद्या सांगू करत राहिली. गोळ्यांचं तोंड पुढं करून ती आता स्वतःच पळत होती, हे तिलाही कळत होतं. आक्का एकदा रडून म्हणालीसुद्धा, "मला आता होत न्हाई गं. मायचं बोलता बोलता मलाच वाटतंय ती हाय म्हून." तरी रेणुका म्हणाली, "एवढा आठवडा."

त्या सकाळी ती रविकांतच्या पायात मोजे घालत होती. त्याला वाकायची मनाई होती, म्हणून हे काम तिचं. फोन त्याच्या कानाला होता.

"माय," तो अगदी हळू म्हणाला, "गुडघा दुखतो का गं अजून?"

"न्हाई रं बाळा. आता काय बी दुखत न्हाई."

रविकांतनं फोन कानाशी आणखी घट्ट धरला. मग त्याहून हळू, जवळ बसलेल्या रेणुकालाही जेमतेम कळेल असं म्हणाला, "नीट ऐकू येतंय का तुला?"

"हाव. येतंय की."

त्यानं फोन मांडीवर ठेवला. रेणुकाच्या हातातला मोजा तसाच राहिला. एवढ्या दिवसांत आक्कानं मायचा आवाज काढला, मायची शेळी सांगितली, मायची शेजारीण सांगितली. पण भाऊ काही विचारायचा, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय तिला राहवायचं नाही. मायनं त्याला जन्मात कधी उत्तर दिलं नव्हतं.

"आक्का हाय ना?" रविकांत म्हणाला.

रेणुकानं मान डोलावली.

"आन माय?"

रेणुकानं त्याचा पाय धरून ठेवला.

"मला रोज एकच सपान पडायलंय," तो भिंतीकडं बघत म्हणाला. "माय अंगणात पांढऱ्या कपड्यात. आक्का पदरानं माश्या हाकलायली. मायच्या कानात कापूस. मी सपनातच आक्काला म्हनतो, कापूस काढ, आधीच तिला ऐकू येत न्हाई. मंग जाग यायची, मायचा फोन यायचा, आन मी म्हनायचो, गोळीचंच हाय हे. भिंतीवर मुंग्या दिसत होत्या तसंच." त्यानं तिच्याकडं बघितलं. "ते सपान नव्हतं?"

"न्हाई," रेणुका म्हणाली. "मी दाखवलं होतं तुमाला. फोनवर. तुमी बघितलं. दोनदा सांगितलं, दोन्ही खेपेला तुमी विसरलाव. तिसऱ्या खेपेला माझ्यानं सांगवलं न्हाई."

"आन माझी वाट न बघता उचललं?"

"मीच म्हनलं, ठिवू नका. आक्काचा दोष न्हाई. मीच म्हनलं."

ती वाट बघत होती, तो ओरडेल, निदान पाय तरी ओढून घेईल. त्यानं दोन्ही हातांनी कमरेचा बेल्ट आवळून धरला, पाठ ताठ ठेवली आणि रडायला लागला. आवाज नाही, हुंदका नाही. डोळ्यांतून नुसतं पाणी गळत होतं आणि हनुवटीवरून बनियनवर पडत होतं. पाठ न हलवता रडायला तो कधी शिकला होता कोण जाणे.

"मी बघितलं होतं म्हन की तिला," तो म्हणाला. "शेवटचं तोंड बघितलं होतं मी. आन तुमी लोकांनी रोज फोन करून मला ते खोटं ठरवलं."

रेणुकाला वाटलं, त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं त्याची पाठ वाचवली होती, हे खरं. आणि त्याच्याजवळ मायचं जे एक शेवटचं दर्शन होतं, ते तिनंच रोज सकाळी पुसून टाकलं होतं, हेही तितकंच खरं. यातलं कुठलं मोठं, हे तिला ठरवता येईना. तिनं मोजा वर ओढला, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

दिवसभर तो तिच्याशी बोलला नाही. वॉकर घेऊन तसबिरींपुढं जाऊन उभा राहिला. गुडघे टेकून पंचांग प्रणाम करायची घरातली रीत. त्याला साधं वाकताही येत नव्हतं. उभ्यानंच हात जोडले आणि त्रिशरण म्हणायला लागला. मध्येच अडकला. गोळ्या अजून त्याची वाक्यं गिळत होत्या. मागं उभ्या रेणुकानं पुढची ओळ म्हटली. त्यानं वळून बघितलं नाही, पण तिच्यामागं म्हटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजलाच नाही. आक्काला रेणुकानं सगळं कळवलं होतं. चहा झाला, डबा भरायची वेळ झाली, घर नुसतं गप्प. रविकांत खाटेवर बसून फोनकडं बघत होता. आक्काचीही माय गेली होती, पण इतक्या दिवसांत तिच्याजवळ घरचं कुणी बसलंच नव्हतं, तिला सगळ्यांनी मायच्या जागी उभं करून ठेवलं होतं. हे रेणुकाच्या तेव्हा लक्षात आलं. त्याच्या बहुधा आधीच आलं असावं.

त्यानं फोन लावला. पलीकडं उचलल्याचा आवाज आला आणि रविकांत खच्चून ओरडला, बहिऱ्या माणसाशी ओरडावं तसा नव्हे, बहिऱ्या माणसानं ओरडावं तसा.

"जय भीम गं लेकरा! चहा झाला का?"

पलीकडून आक्काचं रडणं आलं. मायच्या आवाजातलं नाही, तिचं स्वतःचं, मोठ्यानं, घरभर ऐकू जाईल असं. रविकांत थांबला नाही. पाठ दुखते, पाणी आलं नाही, वरच्या मजल्यावरचं पोरगं लई नाचतं, रेणुकानं आज चहात साखरच टाकली नाही, असं तो ओरडून सांगत सुटला. रेणुका दाराला टेकून ऐकत होती. चहात साखर तिनं टाकली होती.

सगळं सांगून झालं तसा तो म्हणाला, "बरं, ठिवतो." पण फोन काही त्यानं ठेवला नाही.