पाऊण तासाची पाटी

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. तळ्याकडे जाणारी वाट जिथे जंगलात शिरते, तिथे एका खांबावर मी उभी असते. माझ्यावर दोनच ओळी आहेत: ‘तळ्याकडे’ आणि ‘पाऊण तास’. मित्रांनो, त्या साध्या सकाळी वाटेवाले काका मला रंग द्यायला आले. ते त्यांचं शेवटचं येणं आहे हे मलाही कळलं नाही आणि त्यांच्या लेकीलाही.

काका जंगलखात्यात वाटा राखायचं काम करत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी वर्षातून एकदा ते ब्रश घेऊन येतच. त्या दिवशी लेक रंगाचा डबा धरून बाजूच्या मुळावर बसली होती.

“बाबा, तुमची पाटी अजून खोटं बोलते. बावीस मिनिटं लागतात. घड्याळ लावून मोजलंय मी.”

“मग तेवीस मिनिटं उरली ना? बस तळ्यावर. कोणी हाकललंय?”

“लोक हसतात.”

“हसू देत. रडत तर कोणी परत येत नाही. डबा नीट धर, सांडशील.”

मग दोघं तळ्यावर जाऊन आले. परतताना काकांनी नेहमीसारखं, दार वाजवावं तसं, बोटाच्या पेरानं मला दोनदा ठोठावलं. आठवड्यानं येणारे-जाणारे बोलू लागले, की वाटेवाले काका गेले.

माझा जन्मही त्यांच्याच हातचा. ओढ्याजवळ वादळात पडलेल्या झाडाची मी फळी. त्यांनी मला रंधा मारला, पाठीला जवसाचं तेल पाजलं आणि अक्षरं नुसती रंगवली नाहीत, पटाशीनं कोरली. रंग उडाला तरी शब्द राहावेत म्हणून. दुसरी ओळ मात्र कोरी ठेवली. वेळ मोजायची होती.

बाकीच्या पाट्यांवरची मिनिटं खात्यातल्या तरण्या माणसांनी झपाझप चालून ठरवली होती. माझ्यासाठी काकांनी सहा वर्षांच्या लेकीचं बोट धरलं. ती दोघं झाडांत दिसेनाशी झाली, ती बऱ्याच वेळानं परतली. पोरीचे खिसे पाइनच्या फळांनी फुगलेले, बूट ओले. ओढ्यावरची फळी तिनं तीनदा ओलांडली होती आणि एका गोगलगायीशी तिचं बोलणं बराच वेळ चाललं होतं. काकांनी तळ्यावर पोचताना टिपून ठेवलेली वेळ बघितली आणि पटाशी उचलली.

“पाऊण तास?” सोबतचा सहकारी म्हणाला. “अहो, पोरीच्या चालीनं मोजलंत की काय?”

“सगळ्यात लहान पावलांना जमेल ती वेळ लिहायची. मोठे लवकर पोचले, तर खूशच होतील.”

पोर तेव्हा माझ्या खांबामागे फळं मोजत होती. तिचं लक्ष नाही, असं काकांना वाटलं.

मित्रांनो, मी खांबाला खिळलेली. तळं मी कधी पाहिलं नाही. पण परतणाऱ्यांचे चेहरे वाचून, गप्पा ऐकून ती वाट मला पाठ झाली आहे. डोक्यावर सावली इतकी सलग, की भर दुपारीही टोपी लागत नाही. चढ आहे पण दमवणारा नाही. जिथे तो जरा वाढतो तिथे मुळांनीच पायऱ्या केल्या आहेत. शेवटच्या वळणावर झाडं अचानक बाजूला होतात आणि समोर अख्खा डोंगर पाण्यात उलटा उभा असतो. तिथून आलेली माणसं थोडा वेळ हळू आवाजात बोलतात.

माझी ‘चूक’ तर अनेकांना औषधासारखी लागू पडली. गुडघे धरून निघालेल्या एक आजी परत आल्या त्या आजोबांना ऐकवतच, “पाऊण तास म्हणे! आपण अर्ध्या तासात गेलो. उगाच म्हातारी म्हणता मला.”

वाईट दिवसही आले. कुणी चाकूनं माझ्या कडेला आपलं नाव कोरलं. कुणी रिकामी बाटली खांबाला टांगली. काकांनंतर दोन वर्षं तेल मिळालं नाही, पाठीवर बुरशी आली. आणि परवा एक कामगार नवी पत्र्याची पाटी घेऊन आला. तिच्यावर ‘२२ मिनिटे’ असं लिहिलं होतं. त्याच्या मागोमाग लेक धापा टाकत आली.

“दादा, थांबा जरा.”

“ताई, हुकूम आहे. तुमच्याच चिठ्ठीवर निघालाय.”

“मला फोन आला खात्यातून, सूचना मंजूर म्हणून. अहो, बाबांना चिडवायला टाकली होती मी ती सूचनापेटीत. बारा वर्षांपूर्वी.”

“खात्याला थट्टा कशी कळणार, ताई?” त्यानं पाना खाली ठेवला. “पण खरंच पाऊण तास लागतो?”

“सहा वर्षांच्या मुलीला लागतो.”

तिनं त्याच्याकडचाच कागद मागून घेतला आणि लिहिलं, ‘पाटीवरची वेळ बरोबर आहे. कृपया बदलू नये.’ खाली सही केली. कामगारानं कागद दोनदा वाचला आणि पत्रा खांद्यावर टाकला. “साहेबांना देतो. उत्तर येईपर्यंत राहू दे हिला.”

उत्तर काय येईल, मला माहीत नाही. मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. वाटेवरच्या पाटीवर चाकू चालवू नका. जमलं तर वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा. आणि आपल्यासोबत लहान पावलं असतील, तर घड्याळ खिशातच राहू द्या.

परवा कामगार गेल्यावर लेकीनं पिशवीतून जवसाच्या तेलाची बाटली आणि फडकं काढलं. माझी पाठ पुसली, बुरशी खरवडली. मग बोटाच्या पेरानं मला दोनदा ठोठावलं आणि वाटेकडे बघत मोठ्यानं म्हणाली,

“बाबा, मी त्या दिवशी खांबामागून सगळं ऐकलं होतं. तुम्ही एकदाही ‘लवकर चल’ म्हणाला नाहीत.”