जिभेला लावून बघ

काशीरामने बांधाआतली चिमूटभर माती उचलली, जिभेवर ठेवली आणि बाजूला थुंकली.

"आबा, पुरे!" मनिषाने मोजपट्टी खाली आपटली. "माणसं बघतात."

"बघू देत. खारी नाय ही. चोपण हाय." घाटावर कालव्याच्या कामाला असताना उचललेला शब्द. "मीठ पावसानं धुवून गेला, चिकटपणा ऱ्हायला. पाणी आत जायाचा नाय. जिभेला लावून बघ, साबणासारखी लागते."

"रिपोर्टात खारी लिहिलंय."

"तुज्या रिपोर्टाला जीभ हाय काय गो?"

मनिषाने डोळे मिटून मनात पाचपर्यंत आकडे मोजले. रत्नागिरीच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिथे कोणी माती चाखत नसे. सहा वर्षांपूर्वी बांध फुटून खाडी आत आली, तेव्हापासून हा दीड एकर ओसाड होता. आधी गवत रुजवायचं, मग भाताचं बघायचं, इथवर बापलेकीचं एकमत. कोणतं गवत, यावर दसऱ्यापासून वाद. शेवटी दोन वाफे केले. एकात तिने बी मागवून पेरलेलं ऱ्होड्स गवत, दुसऱ्यात त्याने खाडीकाठाहून उपटून आणलेली हरळी. रुजल्यावर पाणी कोणी घालायचं नाही. जे तगेल, ते पावसाळ्यात सगळीकडे लावायचं.

दर रविवारी ती एसटीने येऊन वाफे मोजे. आज तिचं गवत गुडघ्याला लागत होतं. हरळी जमिनीला चिकटलेली, निम्मी पिवळी.

"आता तरी हरलो म्हणा."

"हरलो," तो म्हणाला. इतक्या सहज, की तिला जास्तच चीड आली. "चल, भाकरी निवतेय."

बुधवारी सकाळी तो गेला. पडवीत, चहाचा कप हातात असताना.

बारावं उरकलं, पाहुणे पांगले, तेव्हा मनिषा मोजपट्टी घेऊन बांधावर आली. तिच्या गवताचं काड झालं होतं. हात लावला की मोडत होतं. शेजारी हरळी होती तशीच, पिवळी, हट्टी, पेरापेराला मूळ धरून.

बांधावर काटक्या वेचणारी शेजारची गोदूबाई थांबली.

"काकी, काय झालं इथे? कुणी काय टाकलं?"

"कोन काय टाकतोय! पाणी घालनारा गेला."

"कसलं पाणी? पाणी घालायचं नाही असं ठरलेलं आमचं."

"रोज दोन कळशा आणायचा विहिरीवरनं. ही मेली जमीन पाणी पीत नाय, तर वाटीवाटीनं मुरवत बसायचा, तुज्याच वाफ्यात. आपल्या हरळीला थेंब नाय. मी म्हटला, काशीनानानूं, येड लागला काय? तर म्हणायचे, पोरीचा गवात मेला तर रविवारी येल कोन?"

"हा माणूस!" मनिषा ओरडलीच. "चार महिन्यांची मोजणी! अख्खी वही फुकट!"

गोदूबाईने तिच्याकडे पाहिलं, मोळी डोक्यावर घेतली आणि चालू लागली.

मनिषा वाफ्याकडेला उकिडवी बसली. इकडेतिकडे न बघता तिने चिमूटभर माती जिभेवर ठेवली. बुळबुळीत. साबणासारखी. ती थुंकली नाही.

"चोपणच आहे," ती म्हणाली.

मग हरळीकडे बघत, "आणि मी गवतासाठी येत नव्हते, आबा."