दार, उशी आणि सासूबाई

आमचे साहेब सरासरीवर जगतात. लिफ्टच्या दारात काही अडकलं, तर ते शंभर मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत परत उघडायला हवं. दारात उशी धरून आम्ही हजार वेळा मोजलं. सरासरी आली चाळीस. साहेब खूश. म्हणाले, कर सही, लिफ्ट उद्या हॉस्पिटलात जाऊ दे.

मी नाही म्हटलं. सरासरीत कुणाचा हात सापडत नाही, तो सापडतो एखाद्या उशिराच्या खेपेला. साहेबांनी तीन वाजेपर्यंतची मुदत दिली. तोवर एकदा तरी उशीर दाखव, नाहीतर सही दुसरा कुणी करेल आणि तू माहितीपुस्तिका लिहायला बस.

बारापर्यंत मी रडकुंडीला आले. दार शहाण्यासारखं वागत होतं, कारण आम्हीही शहाण्यासारखे वागत होतो. एकच बटण, एकदाच, हलक्या हाताने. तेव्हा मला सासूबाई आठवल्या. बटण एकदा दाबून भागतं यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. टीव्हीचे चार रिमोट त्यांच्या हातून कामी आलेत. मी फोन करून जरा मदतीला या म्हटलं. कसली मदत, ते सांगायची हिंमत झाली नाही.

दीड वाजता त्या आल्या, लिफ्टमध्ये शिरल्या आणि सातही मजल्यांची बटणं दोन्ही हातांनी दाबत सुटल्या. मग पंखा, मग घंटा, मग पुन्हा सगळे मजले. दार उशीवर मिटलं आणि जवळजवळ सेकंदभर मिटलेलंच राहिलं. उशीचा पार चोथा झाला. आकडा आला नऊशे वीस. मी साहेबांसमोर टाळ्या वाजवल्या, हे काही बरं दिसलं नाही.

आनंद दहा मिनिटं टिकला. प्रत्येक बटणाचा दिवा लावण्याचं काम दाराच्या कामाच्या पुढे रांगेत घुसत होतं, आणि त्याला वशिला लावून घुसवणारी मीच होते. लिफ्टच्या प्रोग्राममधली दोन वर्षांपूर्वीची माझीच ओळ. शरमेने मान खाली घालून मी दाराला पहिला नंबर दिला.

आता पुन्हा मोजायचं होतं. दुसरी उशी आणायला मी वळले, तेवढ्यात सासूबाईंनी एका हाताने बटणांचा धडाका लावला आणि दुसरा हात कोपरापर्यंत दारात घातला.

मी किंचाळले. "अहो आई, हात काढा आधी."

"का? तूच दुरुस्त केलंयस ना?"

दार आलं, बाहीला जेमतेम टेकलं आणि मागे गेलं. एकोणसाठ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी लगेच कागद पुढे केला. मी डोळे पुसत म्हटलं की एकदा मोजून भागत नाही, असंच आणखी नऊशे नव्व्याण्णव वेळा मोजायला हवं. साहेब वैतागले. एवढा भरवसा बसल्यावर आता कशाला, म्हणाले.

सासूबाईंनी त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं.

"मग आता तुम्ही हात घाला. बटणं मी दाबते."

साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि उशी आणायला स्वतः गेले.