आरशातलं विष

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि खुर्चीतल्या गृहस्थांनी स्वतःच्याच गालाला हात लावून पाहिला. त्वचाशुद्धीचं शिबिर घेणाऱ्या नितळदीदीने त्यांच्या तोंडावर चमचाभर जेल चोळलं होतं, आणि बघता बघता त्यातून काळ्या काळ्या वळ्या सुटायला लागल्या होत्या.

“बघा, बघा!” दीदीने एक वळी चिमटीत धरून सगळ्यांपुढे नाचवली. “हा मळ नाही हं! हे विष आहे! पोटातलं, रक्तातलं, वर्षानुवर्षं गिळलेल्या रागातलं. साबणाला ते दिसतच नाही. माझं जेल मात्र त्याला हुडकून बाहेर काढतं!”

“माझ्या नवऱ्याला आणू का?” मागून एक बाई म्हणाली. “स्वभाव निघाला तर बरं होईल.”

हशा पिकला. मला मात्र हसू येईना, कारण आता पाळी माझ्या ताईची होती.

मी औषधाच्या दुकानात काम करते. क्रीम-लोशनच्या कपाटापाशी उभं राहायचं आणि डब्यामागची मुंगीएवढी अक्षरं गिऱ्हाइकांना समजावायची. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं, झिंक ऑक्साइड ऊन अडवतं, हे अमुक तुमच्या कोरड्या त्वचेला झेपायचं नाही. दिवसभर परक्यांना सांगते आणि ते ऐकतात. सख्ख्या बहिणीपुढे मात्र पालथ्या घड्यावर पाणी.

ताईच्या गालावर एक तीळ आहे. लहानपणापासूनचा नव्हे, गेल्या वर्षी उगवलेला. तो वाढला, त्याची कड वाकडीतिकडी झाली, टॉवेल लागला तरी रक्त यायला लागलं. डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या, “छोटासा तुकडा काढून तपासू या. उशीर नको.” ताईने एक तारीख चुकवली. दुसरी उद्याची होती, आणि ही रोजच्यासारखी इथे विष काढून घ्यायला बसलेली!

दीदीने तिच्या गालावर जेल थापलं आणि तो तीळच रगडला. रक्ताचा थेंब आला.

“वाहू दे, वाहू दे!” दीदी ओरडली. “मुळापासून सुटतंय!”

माझं डोकंच फिरलं. मी उठले, टेबलावरची बाटली उचलली आणि मागचं वाचलं. मग लोकांना चेहरा दाखवायचा तो आरसा ओढला, लख्ख पुसला, त्यावर जेल ओतलं आणि बोटाने चोळत सुटले. थोड्याच वेळात आरशावर त्याच काळ्या वळ्या!

“आरशाने कुठला राग गिळला होता हो?” मी म्हटलं. “नीट ऐका. यात कार्बोमर आहे, पाण्याला घट्ट करणारं. सेल्युलोज आहे, म्हणजे झाडाचा तंतू, ज्याचा कागद होतो. आणि कोळशाची पूड, म्हणून रंग काळा. चोळलं की पाणी उडून जातं आणि उरलेल्याच्या वळ्या होतात. बोटावर सुकलेला डिंक चोळा, तशाच पडतील. बाटलीतून जे ओतलं, तेच तुम्हाला परत दाखवताहेत!”

“खरंच की,” ते गृहस्थ पुटपुटले.

दीदीची पापणीही लवली नाही. “अहो बाई, या आरशात रोज किती जण तोंडं बघतात! सगळ्यांचं विष त्याने ओढून घेतलंय. आज तुमच्या हातून बिचारा मोकळा झाला!”

पुन्हा टाळ्या! माझ्याच प्रयोगाला! मघाच्या बाईने तर दोन बाटल्या मागितल्या, एक घरच्या आरशासाठी. कपाळावर हात मारण्यापलीकडे मी काय करणार?

पण ताई टाळ्या वाजवत नव्हती. ती आरशावरच्या वळ्यांकडे बघत होती. मी तिचा दंड धरला आणि तिला बाहेर जिन्यात आणलं.

“तुझं बरोबर आहे गं,” ती हळूच म्हणाली. “ते बाटलीतलंच आहे.”

माझा जीव भांड्यात पडला. “मग उद्या जाऊ या ना डॉक्टरांकडे?”

तिने गालावर रुमाल दाबला. “म्हणजे इतके दिवस माझ्यातून काहीच निघालं नाही? सगळं अजून आतच आहे?”

विषबिष काही नसतं, एवढं मी सांगू शकत होते. आत काहीच नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू?

“ते तपासल्यावर कळेल, ताई.”

“म्हणूनच तर नको वाटतं. तिथे त्याचं नाव सांगतील. इथे निदान रोज थोडं थोडं जातंय असं वाटतं.”

“नुसतं वाटतं गं! जात नाही!”

“कळतंय मला.” तिने रुमालाची घडी करून पर्समध्ये टाकली. “उद्या येते मी, खरंच. आज तेवढं पुरं करून घेते. अर्धा गाल राहिलाय.”

तिने पर्स माझ्या हातात दिली आणि जिना चढून वर गेली. मी हाक मारली, पण ती थांबली नाही.

तुम्ही माझे कोणी नाही, म्हणून कदाचित ऐकाल. चेहऱ्यातून काही काढून दाखवणारं कोणी भेटलं, तर तेच आधी स्टीलच्या ताटावर चोळून बघा. बाटलीमागचं वाचा, कळलं नाही तर विचारा. आणि तीळ वाढत असेल, त्यातून रक्त येत असेल, तर तो डॉक्टरांना दाखवा, उद्यावर टाकू नका. भीती वाटणारच, सोबत कुणाला तरी न्या. मी तर तयारच होते. तिची पर्स घेऊन जिन्यात उभी होते, आणि वर पुन्हा टाळ्या वाजत होत्या.