साखळीतले दहा दिवस

मित्रांनो, मी आटपाडीजवळच्या एका वस्तीवरचा म्हातारा कुत्रा. पिलू असताना मी काळाभोर आणि गोलमटोल होतो, म्हणून माझ्या धन्यानं, धुळाआबांनी, माझं नाव भुंग्या ठेवलं. आता तोंड पांढरं झालंय, नाव मात्र तेच राहिलं.

माझी उमेदीची वर्षं मेंढरांमागे गेली. दिवाळी झाली की आबा मेंढरं घेऊन इस्लामपूरकडच्या रानांत जायचे. मी कळपाच्या मागे चालायचो. एकदा लांडग्यानं कोकरू उचललं, तेव्हा मी ते त्याच्या तोंडातून सोडवून आणलं. आबांनी स्वतःची भाकरी मोडून अर्धी मला घातली. तेवढं कौतुक मला जन्मभर पुरलं.

पुढं आबांचे गुडघे गेले आणि मेंढरं विकली. त्यांचा मुलगा रविराज शेती बघू लागला. राखायला उरल्या दोन शेळ्या, चार कोंबड्या आणि मनी मांजर. मनी थंडीत माझ्या पोटाशी येऊन झोपायची. रविराजची मुलगी प्रांजल माझ्या मानेचे केस धरून उभी राहायला शिकली. आता ती तिसरीत आहे. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी माझ्या गळ्यात पडायची. हा रोजचा नेम.

यंदा थंडीत माझा डावा कान ठणकू लागला. डोकं झाडलं की कळ जबड्यापर्यंत जायची. पण शाळूची, म्हणजे रब्बीच्या ज्वारीची, काढणी सुरू होती. सगळं घर दिवस उगवायला रानात जायचं. आबांच्या बायकोनं, दगडाबाईनं, एकदा हटकलं.

"ह्यो कान लय झाडतुय रं. जरा बघ की."

"शाळू निघू दे आय, मग बघू," रविराज म्हणाला.

शाळू निघाला. कडब्याची गंजी लागली. सकाळचा गारठा कमी झाला आणि दारातला कडुलिंब पानं गाळू लागला. कानाचं मात्र सगळे विसरले. त्या बाजूनं मला ऐकूही येईनासं झालं होतं.

त्या दुपारी मी गंजीच्या सावलीत झोपलो होतो. प्रांजल आली ते मला कळलंच नाही. तिनं नेहमीसारखी मिठी मारली आणि तिचा हात नेमका कानावर दाबला गेला. मित्रांनो, पुढचं सांगायला मला लाज वाटते. डोळे उघडायच्या आत माझे दात तिच्या मनगटात रुतले होते.

ती रडली नाही. नुसती बघत राहिली. मग रक्त दिसलं आणि किंचाळली.

दगडाबाईनं तिला नळाखाली नेलं आणि साबण लावून कितीतरी वेळ हात धुतला. शेजारचे हरिबा जखमेत मिरची भरा म्हणत होते, पण तिनं ऐकलं नाही. रविराजनं पोरीला गाडीवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. तिला सुया टोचून दोघं परत आले, तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

"पिसाळलंय ते. आत्ताच काठी घाला डोक्यात," हरिबा म्हणाले.

"माझी एकच पोरगी हाय," प्रांजलची आई म्हणाली. "मला ह्यो दारात नको."

"डाक्टरनं दहा दिस बांधून ठेवाय सांगितलंय," रविराज म्हणाला. "तवर जगला, तर पिसाळला न्हाई म्हणायचं. लांबनंच खायला घालायचं."

मला लिंबाला साखळीनं बांधलं. आबा समोर दगडावर काठी घेऊन बसले. मला वाटलं, काठी माझ्यासाठीच आहे. पण हरिबा जवळ आले की आबा ती आडवी धरायचे.

भाकरी लांब दांड्याच्या उलथन्यानं पुढं ढकलली जाई. प्रांजल सुया घेऊन यायची आणि खिडकीच्या गजांमागून माझ्याकडं बघायची. मी शेपूट हलवली की ती आत जायची. मनीलाही घरात कोंडून ठेवलं होतं. पोटाशी कुणी नसलं की थंडी वेगळीच लागते.

चौथ्या दिवशी माझा जबडा उघडेना. भाकरी तशीच पडली. पाण्याला तोंड लावलं, कळ आली आणि मी मागं सरकलो. ते रविराजनं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. तो आबांजवळ आला आणि त्यांच्या हातातली काठी मागू लागला.

"आबा, पानी पीत न्हाई त्यो. आता थांबायचं न्हाई."

आबांनी काठी सोडली नाही. "बारा वर्सं ह्यानं माझी राखण केली. आदी जनावराच्या डाक्टरला फोन लाव. त्यो म्हणंल तसं करू."

डॉक्टर आले. लांब उभे राहून त्यांनी मला बराच वेळ निरखलं.

"जबडा डाव्या अंगाला सुजलाय. कानाचा वास इथपर्यंत येतोय," ते म्हणाले. "कान आत्ता उघडता येणार नाही, दहा दिवस भरू द्या. औषध देतो, पातळ दुधातून पाजा. लक्ष ठेवा."

आबांनी काठीनं वाडगं पुढं सरकवलं. सगळं घर दारात उभं होतं. दुखत होतं, पण आबा बघत होते. मी एकेक घोट करून वाडगं रिकामं केलं. रविराज आणखी दूध आणायला आत गेला.

अकराव्या दिवशी डॉक्टरांनी माझं तोंड बांधून कान साफ केला. आतून गवताचं कुसळ निघालं. गव्हाच्या दाण्याएवढं. रविराजनं ते तळहातावर घेतलं. "आय सांगत हुती," एवढंच म्हणाला. हरिबा घरी गेले.

साखळी सुटली. प्रांजल चार पावलांवर येऊन थांबली. मनगटावर पट्टी होती.

"हात लावू, आबा?"

"आदी हाक मार. त्येला कळू दे."

तिनं हाक मारली. मी मान वळवली, पण उठलो नाही. मला माझ्याच दातांची भीती वाटत होती. तीही जवळ आली नाही. तिथंच मांडी घालून ओला हरभरा सोलत बसली. अजून आम्ही तसेच बसतो. आमच्यात पूर्वी चार पावलं होती, काल दोन होती.

मित्रांनो, तुमच्या दारातलं जनावर कान झाडू लागलं, लंगडू लागलं, खायचं टाकू लागलं, तर काम उरकायची वाट बघू नका. त्याच दिवशी बघा. चुकून चावलंच, तर जखम साबणानं धुऊन लगेच दवाखाना गाठा, आणि त्याला मारायच्या आधी त्याचं काय दुखतंय तेही तपासून घ्या. आम्हाला सांगता येत नाही. सोसवेनासं झालं की दात लागतात, आणि मग ज्याच्यावर आमचा सगळ्यांत जास्त जीव असतो, तोच जवळ असतो.