पालकसभेची सतरंजी

मी सतरंजी बोलतेय, अमरावतीतल्या एका सरकारी हायस्कूलची. स्वभावाने मी घाबरट. नुसती खुर्ची सरकली तरी माझ्या कडेच्या दशा शहारतात.

कापूस तेल्हाऱ्याकडचा, हातमाग अकोल्यातला, पट्टे निळे-तांबडे. एवढंच माझं बालपण. शाळेत आले आणि कपाटामागे उभी राहिले. पालकसभा असली की मला बाहेर काढायचे, झटकायचे, अंथरायचे. एरवी सोबतीला पाली.

पालकसभा मला आवडायची. नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यातून शिफ्ट संपवून आलेले बाप माझ्यावर मांडी घालून बसत आणि हेडसरांच्या भाषणात डुलक्या काढत. भाजीवाली जयवंता मात्र डोळे टक्क उघडे ठेवून ऐकायची. तिची रूपाली सेमीच्या तुकडीत होती. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. ते विषय खरे शिकवणाऱ्या शाळेत एकच, भावना मॅडम, आणि त्या फक्त सेमीला. रूपालीला डॉक्टर व्हायचं होतं. ती तुकडी हातची गेली असती, तर सगळंच गेलं असतं.

जयवंताला शाळेचा भारी अभिमान. बंगल्यांच्या कॉलनीत हातगाडी फिरवताना ती मेथीच्या जुडीबरोबर शाळाही विकायची, आणि सभेला आली की रंगवून सांगायची, "म्या म्हनलं त्या सीमा मॅडमले, कायले पोरीले दूरच्या शाळेत धाडता? माह्या रूपालीच्या शाळेत टाका. लय चांगलं शिकवते!"

रूपाली नववीत गेली त्या जूनमध्ये कॉलनी खरोखरच आली.

पुढे सीमा मॅडम, मागे इतर जोडपी. हेडसर महादेवराव दारापर्यंत धावले. पाहुण्यांसाठी ऑफिसातल्या खुर्च्या आणून माझ्यावरच मांडल्या. त्यांचे पाय माझ्यात रुतले. जुने पालक मागे सरकत सरकत फरशीवर गेले.

जयवंता हरखली होती. "पाहा, म्या आनले!" तिनं शेजारणीला कोपर मारलं. मग मोठ्यानं म्हणाली, "मॅडम, इकडे या ना, माह्यापाशी बसा!"

सीमा मॅडमनी हसून हात हलवला. सुटलेल्या गाडीतून हलवतात तसा.

"आम्हाला सगळ्या थरांतली मुलं हवीच आहेत, सर," त्या म्हणाल्या. "आमच्या आकांक्षाला जग कळलं पाहिजे. फक्त वर्गात जरा लेव्हल सारखी असावी."

"लेवल म्हंजे कायची जी? धरनाची?" कारखान्यातल्या शेषरावांनी मागून विचारलं. फरशीवर हशा पिकला. खुर्च्यांनी घड्याळं पाहिली.

सेमीत जागा मोजक्याच. हेडसरांनी घसा खाकरून तोडगा काढला, की ज्यांच्या घरी इंग्रजीतून अभ्यास घेणारं कोणी आहे, त्यांनाच सेमी द्यावं. बाकीच्या मुलांवर उगाच ताण नको. मग ते एकेकाला विचारत गेले. खुर्च्यांवरून पटापट उत्तरं आली. आई घेते. बाबा घेतात. आम्ही दोघंही घेतो.

जयवंताकडे आले तशी ती उठून उभीच राहिली. हाच प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून थांबली असल्यासारखी.

"कोनीच घेत नाही जी! मी चवथी शिकली, तिचा बाप तर थेबी नाही. समदं सोताच करते माही पोरगी. कोनाले इचारत बी नाही!"

तिला वाटलं, आता टाळ्या पडतील.

"बरं," हेडसर म्हणाले. "मग रूपाली ब तुकडीत."

"आँ? कावून? पयली आली ना थे!"

"तेच तर, जयवंता," सीमा मॅडम मागे वळून गोड आवाजात म्हणाल्या. "तुझी मुलगी हुशार आहे. हुशार मूल कुठंही शिकतं गं. आमच्या ढ पोरींनाच मॅडमची जास्त गरज!"

खुर्च्या खळखळून हसल्या. भावना मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. आणि जयवंताही हसली, सगळे हसतायत म्हणून. ते माझ्याच्यानं बघवेना. खाली बसताना तिनं माझ्या कडेच्या दशा मुठीत अशा आवळल्या की दोन तुटून तिच्या हातात राहिल्या.

पुढच्याच आठवड्यात नव्या पालकांनी सेमीसाठी धड बाकं मागितली. ती ब तुकडीतून उचलून दिली, आणि ब तुकडीत मला अंथरलं.

आता रूपाली रोज माझ्यावर बसते. गणिताच्या तासाला इकडे कोणी फिरकत नाही. सुरुवातीला ती भिंतीला कान लावायची, पलीकडे भावना मॅडम शिकवतात म्हणून. पोरी चिडवायच्या, "डाक्टरीनबाई, भिंतीले ताप हाय का वो?" आता ती कान लावत नाही. पोरीही चिडवत नाहीत.

परवा सीमा मॅडम आणखी एका जोडप्याला शाळा दाखवायला घेऊन आल्या. चपलांसकट माझ्या कोपऱ्यावर उभ्या राहिल्या आणि आमच्याकडे हात करून म्हणाल्या, "हेच मला इथलं आवडतं. सगळ्या थरांतली मुलं आहेत." जोडपं खूश झालं. रूपालीनं मान वर केली नाही.

उद्या तुम्हीही आपल्या लेकरासाठी शाळा बघत फिराल. या ना, बघा, चार जणांना विचारा, निवांत ठरवा. फक्त आत येताना चपला दाराशी काढा. इथं मुली बसल्या आहेत.